रात्रीच्या बोटीचा जमाखर्च

युरोपचा नकाशा समोर घेतला की प्रथम डोळ्यांत भरते ती जमीन. पॅरिस, बर्लिन, व्हिएन्ना, मिलान ही शहरे लोहमार्गांनी एकमेकांशी बांधलेली दिसतात आणि पाहणाऱ्याची समजूत होते की या खंडात कोठूनही कोठेही आगगाडीने जाता येते. नकाशा थोडा निरखून पाहिला तर दुसरे चित्र दिसू लागते. उत्तरेस बाल्टिक समुद्राचा एक फाटा स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधून थेट वरपर्यंत गेला आहे. इंग्लंड आणि हॉलंड यांच्यामध्ये उत्तर समुद्र पसरला आहे, इटली आणि ग्रीस यांच्यामध्ये आयोनियन समुद्र. सिसिली, सार्डिनिया, कॉर्सिका ही तर सरळसरळ बेटेच. हा खंड जितका जमिनीचा तितकाच पाण्याचा आहे. म्हणूनच तेथे आजही दर रात्री कित्येक मोठ्या बोटी एका शहराचे दिवे मागे टाकून निघतात आणि सकाळी दुसऱ्या शहराच्या धक्क्याला लागतात.

मुलेबाळे युरोपात नोकरीनिमित्त राहू लागल्यामुळे उतारवयात तिकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या आता लहान नाही. मुलगा एका देशात आणि मुलगी दुसऱ्या देशात, अशी घरेही बरीच आहेत. अशा घरांत एका शहरातून दुसऱ्या शहरात कसे जावे हा प्रश्न निघाला की उत्तर बहुधा तयार असते: विमान, एका तासात पोहोचतो. हे उत्तर चूक नाही; पण हिशेब तपासल्यावाचून दिलेले आहे. विमान, आगगाडी आणि रात्रीची बोट या तिघांची खाती शेजारी शेजारी मांडली तर काही नोंदी अपेक्षेपेक्षा निराळ्या निघतात.

उदाहरणासाठी स्टॉकहोम आणि हेलसिंकी ही जोडी सर्वांत सोयीची. दोन्ही राजधान्या, दोन्ही समुद्रकाठच्या, आणि आकाशमार्गे अंतर सुमारे ४०० किलोमीटर. विमान तासाभरात जाते. मात्र स्टॉकहोमचा आर्लांडा विमानतळ शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे आणि हेलसिंकीचा विमानतळ शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर. घरातून निघणे, विमानतळावर दीड-दोन तास आधी हजर होणे, सुरक्षा तपासणी, उतरल्यावर सामानाची वाट पाहणे आणि पुन्हा शहरात येणे हे सर्व धरले की तासाचे पाच तास होतात. हे पाचही तास दिवसाचे, जागेपणीचे आणि बहुतांशी उभे राहण्याचे असतात.

बोट स्टॉकहोमहून दुपारी साडेचार-पाचच्या सुमारास सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास हेलसिंकीस पोहोचते. फिनलंडचे घड्याळ एक तास पुढे असल्याने प्रत्यक्ष प्रवास साधारण सोळा तासांचा होतो. पाच आणि सोळा हे आकडे शेजारी लिहिले तर निकाल लागल्यासारखा वाटतो. परंतु ज्याने आयुष्यभर खातेवह्या पाहिल्या आहेत तो विचारील की हे सोळा तास कोणत्या खात्यातून गेले? त्यांतले आठ-नऊ तास झोपेचे, जे घरी किंवा हॉटेलातही झोपेतच गेले असते. उरलेल्या सातांपैकी तीन-चार तास स्टॉकहोमच्या द्वीपसमूहातून जाण्यात सरतात. लहानमोठी मिळून सुमारे ३० हजार बेटे तेथे आहेत आणि एवढी मोठी बोट त्यांच्यामधल्या अरुंद पाण्यातून संथपणे वाट काढत जाते. हे तास वाया गेले असे म्हणावे की मिळाले असे म्हणावे, हे ज्याच्या त्याच्या वृत्तीवर अवलंबून आहे. सर्व तास सारख्याच किमतीचे धरणे ही हिशेबातली पहिली गफलत होय.

आता आगगाडी. स्टॉकहोमहून हेलसिंकीस रुळांवरून जायचे तर बोथनियाच्या आखाताला पूर्ण वळसा घालावा लागतो. उत्तरेकडे हापारांडा या स्वीडनच्या सीमेवरील गावापर्यंत जायचे, नदीपलीकडे टोर्निओ या फिनलंडच्या गावात शिरायचे आणि मग पुन्हा दक्षिणेकडे उतरायचे. त्यातही स्वीडनचे रूळ १४३५ मिलिमीटर रुंदीचे आणि फिनलंडचे १५२४ मिलिमीटरचे. ही रुंदी रशियन साम्राज्याच्या काळात ठरली आणि तशीच राहिली. त्यामुळे एकच गाडी इकडून तिकडे जाऊ शकत नाही. या जोडीपुरती आगगाडी स्पर्धेतच नाही.

दुसऱ्या जोड्यांत तीच आगगाडी निर्विवाद जिंकते. लंडन ते पॅरिस युरोस्टारने सव्वादोन-अडीच तासांत जाता येते आणि तेही शहराच्या मध्यातून शहराच्या मध्यात. १९३६ ते १९८० पर्यंत याच दोन शहरांमध्ये ‘नाइट फेरी’ नावाची गाडी धावत असे. तिचे शयनडबे डोव्हरला प्रवाशांसह बोटीत चढवले जात आणि डंकर्कला उतरवले जात. १९९४ साली खाडीखालचा बोगदा खुला झाला आणि या मार्गावर रात्र घालवण्याचे कारणच उरले नाही. फ्रान्सने तर २०२३ साली, जेथे आगगाडीने अडीच तासांच्या आत जाता येते अशा काही देशांतर्गत मार्गांवरील विमानसेवा कायद्याने बंद केली. जमीन सलग असेल आणि पल्ला चार-पाच तासांचा असेल तर विमानाचा किंवा बोटीचा विचार करण्याची गरज सहसा पडत नाही.

बोटीचे राज्य असते ते ज्या समुद्राची रुंदी बरोबर एका रात्रीची आहे तेथे. इंग्लंडमधील हारविच आणि हॉलंडमधील हूक व्हान हॉलंड यांच्यामधली बोट दिवसा सुमारे सात तासांत जाते. रात्रीची फेरी त्याहून सावकाश, आठ-नऊ तासांत होते, कारण पहाटे चार वाजता प्रवाशांना धक्क्यावर उतरवून कोणाचेच भले होत नाही. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकापासून हॉलंडमधील कोणत्याही स्थानकापर्यंत आगगाडी आणि बोट यांचे एकत्रित तिकीट मिळते, आणि हूक येथे उतरल्यावर धक्क्याजवळूनच रॉटरडॅमची मेट्रो सुटते. नेपल्स ते पालेर्मो हा असाच आणखी एक मार्ग. रात्री नेपल्सहून निघालेली बोट सकाळी सिसिलीत पोहोचते. तेथे आगगाडीचाही पर्याय आहे आणि तो मोठा मौजेचा आहे, कारण मेसिनाच्या सामुद्रधुनीवर पूल नसल्याने गाडीचे डबेच बोटीत चढवले जातात. उलट रोमजवळच्या चिव्हिताव्हेक्कियाहून बार्सिलोनाला जाणारी बोट सुमारे वीस तास घेते. ती रात्र तर खातेच, वर अर्धा दिवसही खाते. तेथे विमानाचे पारडे जड होते.

या रात्रीच्या बोटींचा आणि मुंबईचा जुना संबंधही आहे. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाल्यावर लंडनहून हिंदुस्थानकडे निघालेली टपाल आगगाडीने इटलीच्या टाचेवरील ब्रिंडिसी बंदरापर्यंत येई आणि तेथे बोटीवर चढे. पहिल्या महायुद्धापर्यंत हा क्रम चालला. जमीन असेल तेथवर रूळ आणि रूळ संपतील तेथून बोट, हा साधा व्यवहार तेव्हाच्या लोकांना पुरता कळला होता.

पैशाचे खाते उघडले की आणखी काही गोष्टी ध्यानात येतात. विमानाचे तिकीट माणशी असते आणि सामानाचे पैसे पुष्कळदा वेगळे. बाल्टिकमधल्या बोटींवर केबिन बहुधा संपूर्ण केबिन म्हणून घेतली जाते. त्यामुळे एकट्या प्रवाशाला ती महाग पडते आणि चौघांच्या कुटुंबाला स्वस्त. भाडे ऋतूप्रमाणे, वाराप्रमाणे आणि आगाऊ किती दिवस काढले त्याप्रमाणे बदलते, म्हणून ठराविक आकडा सांगण्यात अर्थ नाही. पद्धत मात्र सांगता येते. एका बाजूस विमानाचे तिकीट, सामानाचे भाडे, दोन्ही विमानतळांवर येण्याजाण्याचा खर्च आणि एका रात्रीच्या निवासाचा खर्च लिहावा. दुसऱ्या बाजूस केबिन, धक्क्यापर्यंतचा खर्च आणि बोटीवरचे जेवण लिहावे. निवासाचा आकडा लिहिण्यास लोक विसरतात, आणि नेमका तोच पुष्कळदा सर्वांत मोठा असतो. मुलाच्या घरीच उतरायचे असेल तर मात्र तो धरू नये. न झालेली बचत जमेस धरणे हा हिशेब नव्हे.

बाल्टिकमधले भाडे कमी असण्यामागे एक वेगळेच कारण आहे. १९९९ च्या १ जुलैपासून युरोपीय संघाने सदस्य देशांमधल्या प्रवासात करमुक्त विक्री बंद केली. स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधली ऑलंड बेटे मात्र, फिनलंड १९९५ साली संघात सामील झाला तेव्हाच झालेल्या करारानुसार, संघाच्या करक्षेत्राबाहेर आहेत. जी बोट या बेटांना पाय लावून जाते तिला करमुक्त विक्री चालू ठेवता येते. म्हणून स्टॉकहोमहून हेलसिंकीकडे जाणारी बोट मध्यरात्रीच्या सुमारास ऑलंडच्या मारियाहाम्न बंदरात थोडा वेळ थांबते. चढणारे-उतरणारे प्रवासी थोडे. थांबण्याचे मुख्य कारण बोटीवरचे दुकान. स्वीडन आणि फिनलंड या दोन्ही देशांत दारूवर जबर कर आहे आणि बोटीवर तीच स्वस्त मिळते. कंपनीचे उत्पन्न भाड्यातून येते त्याहून मोठ्या प्रमाणावर दुकान, उपाहारगृहे आणि इतर विक्री यांतून येते. जो प्रवासी काहीच विकत घेत नाही त्याचे भाडे, खरे पाहता, शेजारचा गिऱ्हाईक अंशतः भरत असतो.

ही गोष्ट एका निवृत्त दांपत्याला बोटीवर उमगली. सांगलीकडचे मुख्याध्यापक आणि त्यांची पत्नी मुलाकडे स्टॉकहोमला गेले होते. मुलगी हेलसिंकीत होती आणि सप्टेंबरच्या अखेरीस तिचे पहिले बाळंतपण होते. विमानाची तिकिटे काढून ठेवली होती. ऑगस्टच्या शेवटी बाईंच्या उजव्या डोळ्यापुढे काळा पडदा उतरल्यासारखे झाले. दृष्टिपटल सुटले होते. दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली आणि पटल जागी बसावे म्हणून डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडण्यात आला. व्हिसासाठी सक्तीचा असलेला किमान ३० हजार युरोंचा विमा त्या दिवशी कामी आला. डॉक्टरांनी जाताना बजावून सांगितले, की हा बुडबुडा पूर्ण विरेपर्यंत विमानात पाऊल टाकायचे नाही.

त्यामागचे कारण साधे आहे. उडत्या विमानात आतल्या हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो; जणू दोन-अडीच हजार मीटर उंचीच्या डोंगरावर जाऊन बसावे तसा. दाब कमी झाला की वायू फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. वायू कोणता वापरला त्यावर बंदी काही आठवड्यांपासून सुमारे दोन महिन्यांपर्यंत असते. बाळंतपणाला तेव्हा चार आठवडे होते. रेल्वेचा मार्ग वर सांगितला तसा होता. उरली बोट. ती समुद्रसपाटीवरूनच जाते.

तीन आठवडे गेल्यावर डॉक्टरांनी अनुमती दिली. जड उचलायचे नाही आणि औषधाचे थेंब चुकवायचे नाहीत एवढीच अट घातली. सुनेने दशम्या, बटाट्याची सुकी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, कारण बोटीवरची प्रसिद्ध पंगत मासे आणि मांस यांचीच असते. शाकाहाऱ्याला तेथे पाव, सॅलड, बटाटे आणि फळे यांवर भागवावे लागते. सप्टेंबरात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. दोघांनी केबिनच्या खिडकीशी बसून दिवस मावळण्याआधीच जेवून घेतले. बाहेर बेटे सरकत होती. काहींवर एकच लाल घर, काहींवर नुसते पाइनचे झाड. बाईंना ती एका डोळ्याने दिसत होती.

जेवण झाल्यावर पाय मोकळे करायला ते बाहेर आले तेव्हा दुकानातून लोक ढकलगाड्या भरभरून बिअरचे डबे नेत होते. बाईंनी विचारले, “अहो, आपलं तिकीट इतकं स्वस्त कसं, ते आता कळलं. हे सगळे पितात म्हणून आपण जातोय का?” मुख्याध्यापक म्हणाले, “अंशतः तसंच आहे.” थोडा वेळ गेल्यावर त्या म्हणाल्या, “मग निदान ठाऊक असलेलं बरं. जावं तर लागणारच आहे.”

या वाक्यात तक्रार नव्हती, समर्थनही नव्हते. जो माणूस दारूला शिवत नाही त्याने त्या पैशावर चालणाऱ्या बोटीने जावे की नाही, याचे उत्तर नियमांच्या पुस्तकात सापडणार नाही. बँकेत ठेव ठेवणाऱ्यालाही आपल्या व्याजाचा उगम कोणत्या कर्जदारात आहे हे विचारता येते, पण फार थोडे विचारतात. विचारल्याने व्यवहार थांबतोच असे नाही. आपण कोणाच्या जिवावर उभे आहोत याची नोंद मात्र राहते.

मध्यरात्री बोट मारियाहाम्नला लागली तेव्हा यंत्रांचा आवाज बदलला आणि मुख्याध्यापक जागे झाले. पत्नी जागीच होती. थेंबांची वेळ झाली होती. ते घालून झाल्यावर दोघेही झोपले. सकाळी हेलसिंकीच्या तोंडाशी असलेल्या सुओमेनलिन्ना किल्ल्याच्या तटाला जवळजवळ घासून बोट बंदरात शिरली, आणि धक्क्यावर जावई सामान घ्यायला उभा होता. चार दिवसांनी नात झाली, तेव्हा आजी तेथे होती. बुडबुडा तेव्हाही पूर्ण विरला नव्हता.

हा प्रसंग अपवादात्मक आहे हे खरे. परंतु वयाच्या साठीनंतर अपवाद वारंवार येऊ लागतात. शिवाय तो एका अशा नोंदीकडे लक्ष वेधतो जी भाड्याच्या तुलनेत कोठेच येत नाही. दुसरा मार्ग शिल्लक असणे ही स्वतःच एक मालमत्ता आहे. बँका राखीव निधी ठेवतात तो रोज लागतो म्हणून नव्हे. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलंडमधील ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपातील बराच मोठा आकाशमार्ग जवळपास आठवडाभर बंद राहिला, तेव्हा लोक आगगाड्यांकडे आणि बोटींकडेच धावले. फिनलंडपुरते बोलायचे तर त्या देशाच्या परराष्ट्र व्यापारातील ९० टक्क्यांहून अधिक माल समुद्रमार्गेच ये-जा करतो. प्रवाशांच्या केबिनांखाली त्याच बोटीत मालमोटारींच्या रांगा उभ्या असतात. प्रवासी झोपलेला असतो तेव्हा त्याच्या खाली एका देशाचा किराणा चाललेला असतो.

हा राखीव निधी आपोआप टिकत नाही. इंग्लंडमधील हारविचहून डेन्मार्कमधील एस्बियर्ग येथे १८७५ सालापासून चालणारी बोट २०१४ च्या सप्टेंबरात थांबली. स्वस्त विमाने, घटलेले प्रवासी आणि इंधनातील गंधकावर येऊ घातलेले निर्बंध, या सर्वांचा भार तिला पेलला नाही. एकदा बंद झालेला सागरी मार्ग पुन्हा सुरू होणे फार अवघड असते. बोट विकली जाते, धक्का दुसऱ्या कामाला लागतो, खलाशी विखुरतात.

पर्यावरणाचे खाते हे सर्वांत गुंतागुंतीचे. बोट म्हणजे हिरवा प्रवास, असे सरसकट म्हणता येत नाही. ब्रिटिश सरकार कंपन्यांच्या वापरासाठी दरवर्षी उत्सर्जनाचे गुणक प्रसिद्ध करते. त्यांत पायी चढणाऱ्या बोटप्रवाशाच्या नावे दर किलोमीटरला सुमारे १९ ग्रॅम कार्बन पडतो, तर मोटार घेऊन चढणाऱ्याच्या नावे सुमारे १३० ग्रॅम. छोट्या पल्ल्याच्या विमानाचा आकडा, कोणते परिणाम मोजले त्यानुसार, १०० ते २०० ग्रॅमांच्या दरम्यान असतो; युरोस्टारसारख्या विजेच्या गाडीचा एक-अंकी ग्रॅमांत. बोट तीच, इंधन तेच, मग पायी प्रवाशाचा आकडा एवढा कमी कसा? परिव्यय लेखाशास्त्र शिकलेल्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. हा संयुक्त खर्चाच्या वाटपाचा प्रश्न आहे. मोटारीचा वाटा मोटारवाल्याच्या नावे टाकला की पायी प्रवाशाच्या वाट्याला फार थोडे उरते. केबिना, पोहण्याचे तलाव, दुकाने आणि उपाहारगृहे यांनी व्यापलेली जागा हिशेबात धरून वाटणी केली तर त्याचा आकडा बराच वाढतो. दोन्ही हिशेब प्रामाणिकपणे करता येतात. म्हणून असा कोणताही आकडा वाचताना वाटणी कोणत्या नियमाने केली हे आधी विचारावे.

सुधारणा होत आहेत हेही नमूद करावयास हवे. बाल्टिक आणि उत्तर समुद्रात २०१५ पासून जहाजाच्या इंधनात ०.१ टक्क्याहून अधिक गंधक चालत नाही. स्टॉकहोम आणि तुर्कू यांच्यामध्ये २०१३ पासून चालणारी ‘व्हायकिंग ग्रेस’ ही बोट द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालते. २०२४ पासून मोठी जहाजे युरोपीय संघाच्या कार्बन-व्यापार योजनेत आली. पहिल्या वर्षीच्या उत्सर्जनापैकी ४० टक्के, दुसऱ्या वर्षीच्या ७० टक्के आणि त्यानंतर संपूर्ण उत्सर्जनासाठी त्यांना परवाने विकत घ्यावे लागतात. आणखी एक गोष्ट बोटीच्या बाजूने आहे. जहाजाचा वेग वाढला की लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. रात्रीच्या बोटीला घाई नसते, आणि तिची ही सावकाशी इंधनाच्या खात्यात जमा होते.

सुरक्षिततेबद्दल मौन बाळगणे योग्य होणार नाही. १९८७ च्या ६ मार्चला बेल्जियममधील झेब्रुग बंदराबाहेर ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही बोट पुढचे दार उघडे राहिल्याने काही मिनिटांत कलंडली आणि १९३ जण दगावले. १९९४ च्या २८ सप्टेंबरला टालिनहून स्टॉकहोमला निघालेली ‘एस्टोनिया’ वादळी रात्री बुडाली आणि ८५२ जण गेले. या दोन दुर्घटनांनंतर दारांची रचना, पाणी शिरल्यावरही तरण्याची क्षमता, प्रवाशांची नोंद आणि सुटकेच्या सूचना यांविषयीचे नियम कडक झाले. केबिनच्या दारामागे लावलेला सुटकेचा नकाशा एकदा वाचून ठेवावा आणि आपल्या जमण्याच्या जागेपर्यंत एकदा चालून यावे. पाच मिनिटांचे काम आहे.

समुद्राचा स्वभावही पाहावा. बाल्टिक चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला आणि बेटांनी भरलेला असल्याने बहुधा शांत असतो. उत्तर समुद्र हिवाळ्यात उग्र होतो. ज्यांना बोट लागते त्यांनी खालच्या मजल्यावरची आणि बोटीच्या मध्यभागाजवळची केबिन घ्यावी, तेथे हेलकावे कमी जाणवतात. गुडघे दुखणाऱ्यांना बोट सुखाची, कारण चालता-फिरता येते आणि उद्वाहने असतात. ज्यांना रात्रीत तातडीच्या वैद्यकीय मदतीची गरज पडू शकते त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून निघू नये.

उशीर झाला तर तिन्ही वाहनांचे नियम वेगळे आहेत. विमानाला २००४ च्या युरोपीय नियमानुसार १५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासात मोठ्या विलंबासाठी २५० युरोंची भरपाई आहे, मग तिकीट कितीही स्वस्त असो. बोटीला २०१० च्या नियमानुसार भाड्याच्या प्रमाणात भरपाई मिळते: आठ ते चोवीस तासांच्या प्रवासात तीन तास उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के आणि सहा तासांहून अधिक झाला तर ५० टक्के. खराब हवामान हे कारण असेल तर मात्र ही भरपाई मिळत नाही. भारतीय पारपत्रधारकांनी आणखी एक दक्षता घ्यावी. स्वीडन, फिनलंड, इटली, हॉलंड हे सर्व शेंगेन क्षेत्रात आहेत. इंग्लंड आणि आयर्लंड नाहीत. हॉलंडहून हारविचला रात्रीच्या बोटीने जायचे तर ब्रिटिश व्हिसा वेगळा लागतो, आणि एकदाच प्रवेश देणाऱ्या शेंगेन व्हिसावर बाहेर पडलेल्याला परत येता येत नाही.

निर्णय घेताना मोजके प्रश्न पुरे आहेत. मध्ये जमीन आहे की पाणी? पाणी असेल तर ते एका रात्रीच्या रुंदीचे आहे की अधिक? प्रवास करणारी माणसे किती, आणि त्या रात्रीचा निवास खरोखरच वाचणार आहे का? शरीराला काय झेपते? आणि पोहोचल्यावर दिवसभरात करायचे काम कोणते? दुपारी दोनला भेट ठरली असेल तर रात्रीची बोट उत्तम. सकाळी नऊलाच हजर राहायचे असेल तर आदल्या दिवशीचे विमान बरे. लंडनहून पॅरिसला आगगाडी, बार्सिलोनाहून रोमला विमान, स्टॉकहोमहून हेलसिंकीला बोट, अशी तीन उत्तरे एकच माणूस एकाच दौऱ्यात देऊ शकतो आणि ती तिन्ही बरोबर असू शकतात. विमानाचे तिकीट सवयीने काढण्याआधी धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटीचे वेळापत्रकही एकदा पाहून घ्यावे. ज्या मार्गाने कोणी जात नाही तो मार्ग कालांतराने बंद पडतो, आणि कोणत्या घराला तो केव्हा लागेल हे आधी सांगता येत नाही.